थोरली, धाकटी आणि न उचललेला फोन

शुक्रवार, ७ मार्च

मुंगीच्या बाबास,

‘प्रिय’ लिहायचं राहून गेलेलं नाही, लिहिलेलंच नाही.

समुपदेशक बाईंनी सांगितलं म्हणून हे पत्र. घटस्फोटाला दीड वर्ष झालं तरी आपण फोनवर धड बोलू शकत नाही, म्हणून दर शुक्रवारी मी मुलीच्या बॅगेत चिठ्ठी घालायची आणि रविवारी ती परत येताना तू उत्तर घालायचं, असा त्यांचा उपाय. ‘बोलू शकत नाही’ हे त्यांनी सभ्यपणे म्हटलं. मी एका संध्याकाळी तेवीस फोन केले आणि तू तेवीसही उचलले नाहीस, याला बोलणं म्हणत नाहीत एवढं मलाही कळतं.

गेल्या शुक्रवारी तू सहाला येणार होतास, सहा पन्नासला आलास. का, तर कुठलेसे म्हातारे गृहस्थ लिफ्टमध्ये अडकले होते. परका माणूस अडकला की तू पंधरा मिनिटांत पोचतोस, तुझ्या लिफ्टदुरुस्तीच्या गाडीवर तसं मोठ्या अक्षरांत रंगवलेलंच आहे. पुढच्या वेळी मुंगीला लिफ्टमध्ये बसवते आणि लाल बटण दाबते. बघू किती लवकर येतोस.

दुसरं. निघताना ती माझ्या कमरेला मिठी मारून रडते. नऊ वर्षांची घोडी, पण दर शुक्रवारी रडते. तुझ्याकडे यायचं म्हटलं की तिला काय होतं ते तूच समज. पोचल्यावर एक, जेवल्यावर एक आणि झोपायच्या आधी एक, असे तीन फोन तिने मला केले पाहिजेत. फार मागत नाहीये.

मुंगीची आई

रविवार, ९ मार्च

मुंगीच्या आईंना,

अक्षर त्याचं नाही हे तुमच्या लक्षात आलंच असेल. त्याला ताप आहे, म्हणून मी लिहितेय. मी त्याची बायको. आपण जिन्यात दोनदा भेटलोय. एकदा तुम्ही माझ्या चपलांकडे बघत होतात, एकदा मी तुमच्या.

मी दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवते. पत्रं लिहायची सवय नाही, तेव्हा चुकलंमाकलं पदरात घ्या.

उशीर झाला हे खरं. पुन्हा होणार नाही असं तो म्हणाला. मुंगीचे दोन फोन झाले, झोपायच्या आधीचा राहिला, कारण दुसऱ्या फोनवर तुम्ही पन्नास मिनिटं बोललात आणि ती फोन कानाला लावूनच झोपली.

तिचा मात्र काहीच त्रास नाही हो. भूक लागली का विचारलं तर म्हणते, ‘तुम्हाला लागली की मला पण लागेल.’ तो तर सगळ्यांना सांगत असतो, ‘माझी मुंगी शहाणी. कधी काही मागत नाही.’

एक अडचण आहे. आपण एकमेकींना काय म्हणायचं ते कोर्टाने सांगितलेलं नाही. सवत म्हणावं तर तुम्ही राजीनामा दिलेला. ताई म्हणावं तर माझ्या तोंडात बसत नाही, आणि तोंडात काय बसतं नि काय नाही हे मला चांगलं कळतं. तुम्ही थोरल्या, मी धाकटी, चालेल का? गोष्टीत राजाच्या दोन राण्या असतात तसं. राजा आपला लिफ्टच्या खड्ड्यात.

धाकटी

शुक्रवार, १४ मार्च

धाकट्या बाईंना,

ताप? अकरा वर्षांच्या संसारात त्या माणसाला ताप आलेला मला आठवत नाही. त्याला परगावचं काम येतं. माझी आई गेली तेव्हा आलं, माझं पोटाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा आलं, आणि मुंगीच्या वेळी मी बाळंतपणाच्या खोलीत बोंबलत होते तेव्हा हा दोनशे किलोमीटरवर कुणाच्या तरी लिफ्टला तेलपाणी करत होता.

समुपदेशक बाईंकडे एक तक्ता आहे. त्यात माणसांचे प्रकार. एक चिकटणारे: माणूस नजरेआड झाला की यांचा जीव टांगणीला. एक सटकणारे: कुणी जवळ आलं की यांना चप्पल आठवते. तिसरे ठीकठाक, ते बहुधा तक्ता छापणाऱ्याचे नातेवाईक असावेत. बाईंचं म्हणणं, लहानपणी जे शिकलो तेच मोठेपणी करतो, आणि लग्न मोडलं तरी खोड मोडत नाही, ती मुलाच्या बॅगेतून इकडून तिकडे जात राहते. मी चिकटणारी म्हणे. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. आमच्याकडे काड्यांचेसुद्धा चाळीस प्रकार आहेत. माणसांचे तीन!

बाकी, मुंगी तुमच्याकडे भूकसुद्धा विचारून लागू देते हे वाचून मला कौतुक वाटलेलं नाही. माझ्याकडे ती दर दहा मिनिटांनी काहीतरी मागते. मुलं आईपाशी तशीच असतात. तुम्हाला मूल नाही, तेव्हा कळायचं नाही. तिला वळण लावायच्या फंदात पडू नका.

थोरली (हे चालेल. निदान थोरली तरी आहे.)

रविवार, १६ मार्च

थोरल्या बाई,

मला मूल नाही हे माझ्या लक्षात आहे. आठवण करून दिल्याबद्दल आभार.

ताप उतरला. येत्या एकवीसपासून शाळेला नऊ दिवस सुट्टी आहे आणि ते दिवस मुंगी आमच्याकडे असणार, हे ठरल्याप्रमाणेच. तो पूर्ण रजा टाकणार आहे. तुम्ही निर्धास्त राहा. (हा शब्द मी तुम्हालाच लिहितेय हे मला समजतंय.)

धाकटी

शुक्रवार, २८ मार्च

धाकट्या बाईंना,

परवा दवाखान्यात सगळ्यांसमोर मी तुमच्यावर ओरडले. त्याची माफी मागायला हे पत्र नाही. जे ओरडले ते नीट लिहून द्यावं म्हणून आहे, कारण मध्ये ती नर्स सारखी ‘शूऽऽ’ करत होती.

माझी मुलगी तीन दिवस कान दुखत असताना तुमच्या घरात बसून होती. चौथ्या दिवशी कानाचा पडदा फुटला. तिने कुणाला सांगितलं नाही आणि कुणाला दिसलं नाही. आणि ज्याने रजा टाकली होती, तो लिफ्टवाला होता कुठे? शनिवारपासून परगावी! मी दवाखान्यातून त्याला एकतीस फोन केले. एकतिसाव्यानंतर एक संदेश आला: ‘डॉक्टर आहेत ना? मग ठीक.’

ठीक! आणि तुम्ही मला निर्धास्त राहायला सांगत होतात. तापसुद्धा खोटाच ना?

मुंगी आता माझ्यापाशीच राहील. सोमवारी मी वकिलांना भेटतेय. शुक्रवार-रविवार बंद. हे पत्र दुकानातल्या मुलीच्या हाती पाठवतेय, कारण बॅग आता कुठे जाणार नाही.

थोरली

रविवार, ३० मार्च

थोरल्या बाई,

ताप खोटाच. त्या शुक्रवारी तो मुंगीला घेऊन आला, तुमचं पत्र टेबलावर ठेवलं, वरून वर्तमानपत्र ठेवलं आणि गाडी धुवायला गेला. मला लाज वाटली म्हणून मी उत्तर लिहिलं. रजा टाकणार असं तो खरंच म्हणाला होता. शनिवारी सकाळी फोन आला आणि हा दहा मिनिटांत बाहेर. ‘मी आहे ना,’ असं म्हणून मीच त्याला डबा भरून दिला. तेव्हा माझ्यावर ओरडलात ते योग्यच. आवाज जरा जास्त होता.

पण वकिलाकडे जायच्या आधी मुंगी काय म्हणाली ते ऐका. मला हे सांगायचं नव्हतं.

बुधवारी सकाळी मी तिची उशी उचलली तर खोळीवर पिवळट डाग. मी विचारलं, “हे काय गं?” तर म्हणाली, “काही नाही, आता दुखत नाही.” मी कान बघितला आणि तिला तशीच घेऊन दवाखाना गाठला. दवाखान्यात आत बोलावणं येईपर्यंत आम्ही बाकावर होतो. तुम्ही अजून पोचला नव्हतात.

“तीन दिवस का नाही सांगितलंस?”

“बाबा म्हणतो ना, मी शहाणी.”

“बाबा इथे नव्हता. मला सांगायचं. नाहीतर आईला तरी. रोज तीन फोन करतेस की.”

“आईला सांगितलं की आई रडते. मग तिला गप्प करायला खूप वेळ लागतो.”

मी म्हटलं, “पण तू पण रडतेस ना, दर शुक्रवारी, दारात?”

तर ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मीच लहान आहे. म्हणाली, “ते वेगळं. मी रडले की आईला बरं वाटतं. जिन्यात मी पुसते. बाबाला रडलेलं आवडत नाही.”

थोरल्या बाई, हे ती तक्रार म्हणून सांगत नव्हती. शाळेत किती वाजता कुठला तास असतो ते सांगावं, तसं सांगत होती.

मग मी एक आगाऊ प्रश्न विचारला. म्हटलं, “आणि माझ्याशी कसं वागतेस?”

विचार करून म्हणाली, “तुमचं अजून ठरलं नाहीये.”

आता जायचं तर जा वकिलाकडे.

धाकटी

शनिवार, ५ एप्रिल

कान: सुकतोय. थेंब चालू. महिन्याने पुन्हा दाखवायचं.
वकील: गेले नाही.
बाकी: सध्या काही लिहू नका.

थोरली

रविवार, २० एप्रिल

धाकटे,

तीन आठवडे मी तुला मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या, त्या सगळ्या अहो-जाहोत देणं जड जात होतं. म्हणून आता तू.

पहिला आठवडा मी ठरवलं, ही बाई खोटारडी आहे. तापाचं खोटं बोलली, हेही खोटंच. दुसऱ्या आठवड्यात दुकानात एक आजोबा आले. गाडी चालवायचा परवाना वाढवायचा म्हणून डोळे तपासायचे होते. मी म्हटलं, खालची ओळ वाचा. ते तक्त्याकडे बघेचनात, माझ्या तोंडाकडे बघायला लागले. “प... फ? फ नाही. ब?” माझी भुवई जरा हलली की अक्षर बदलत होते. हे रोजचं आहे. माणसाला दिसायला नको असतं, पास व्हायचं असतं. म्हणून आमच्या मालकांनी पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं, तपासताना तोंड कोरं ठेवायचं. तू हसलीस की समोरचा खोटं बोलतो.

दुकानात मी पंधरा वर्षं तोंड कोरं ठेवलंय गं. घरी माझ्या तोंडावर चोवीस तास मोठ्या टायपात मथळा असतो. आणि समोर ती एवढीशी पोर, ओळीमागून ओळ वाचतेय, बरोबर आलं का म्हणून.

मी समोरच्या खुर्चीवर बसले आणि आजोबांना म्हटलं, पाच मिनिटं थांबा. ते घाबरले. त्यांना वाटलं डोळे गेले.

काल मुंगीला मैत्रिणीच्या वाढदिवसाला जायचं होतं. दाराशी आली, बूट घातले, माझ्याकडे बघितलं आणि ओठ काढला. एरवी मी तिथेच विरघळते. काल तोंड कोरं केलं आणि म्हटलं, “रडायचं असलं तर रड. नसलं तर जा. मी इथेच आहे.”

“तुला वाईट नाही वाटणार?”

“वाटेल. ते माझं मी बघीन.”

पाच सेकंद उभी राहिली. मग ‘बरं’ म्हणाली आणि दोन-दोन पायऱ्या उतरत धूम पळाली. पिशवीतली भेटवस्तूसुद्धा विसरली. मी आत आले आणि भोकाड पसरलं. शेजारीण विचारायला आली, कुणी गेलं का. मी म्हटलं, हो, वाढदिवसाला.

समुपदेशक बाईंना मी हे सांगितलं. म्हणाल्या, छान. तासाचे पैसे घेऊन एवढंच.

शुक्रवार-रविवार बंद करायचं मी सोडून दिलंय. मुलीला बाप हवा. पण हवा तो बाप, त्याच्या वतीने पत्रं लिहिणारी तू नव्हेस. तू चांगली आहेस, म्हणून तर घोटाळा आहे. तू आहेस तोवर तो गाडी धुणार.

थोरली

ता. क. तो तुझ्याशी तरी बोलतो का? सहज विचारतेय. सहज नाही, पण विचारतेय.

शुक्रवार, २५ एप्रिल

थोरले,

तुझं पत्र चारदा वाचलं. माझं काम काय, तर जिथे दात नाही तिथे असा बसवायचा की बघणाऱ्याला कळू नये. घरीही तेच करत होते. त्याच्या जागी मी पत्र लिहिलं, मी ताप आणला, मी रजा टाकली. आणि आपल्याला कुणाकडून काही लागत नाही, या गोष्टीची मला घमेंड. मुंगी आणि मी एकाच शाळेतल्या निघालो.

त्याला मी मंगळवारी सकाळी चहाच्या वेळी सगळं सांगितलं. उशी, डाग, ‘बाबा म्हणतो मी शहाणी’, सगळं. त्याने ऐकलं आणि गाडीची किल्ली उचलली.

मी म्हटलं, “जा. पण इथून पुढे थोरलीच्या पत्राला मी उत्तर देणार नाही, तुझ्या नावाने तर नाहीच.”

“मी कुठे काय केलं?”

“काही नाही केलंस. तेच सांगतेय.”

गेला. दोन तासांनी परत आला. गाडी चकचकीत होती. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून, माझ्याकडे न बघता, नळाकडे बघत म्हणाला, सात वर्षांचा असताना मला वसतिगृहात ठेवलं. दर रविवारी आई येणार असं सांगितलं होतं. मी फाटकाशी उभा राहायचो. पहिले काही रविवार आली, मग नाही. मग मी फाटकाशी जाणं सोडलं. सोडल्यावर बरं वाटलं.

एवढंच. मग म्हणाला, “नळ गळतोय,” आणि पाना आणायला गेला. नळ गळत नव्हता.

तुला हे ठाऊक होतं का?

मी एक ठरवलंय. उद्यापासून महिनाभर बहिणीकडे राहायला चाललेय. भांडून नाही. त्याला सांगितलंय, ‘तुला सोडून जात नाहीये, तुझ्या पुढ्यातून बाजूला होतेय.’ त्याला फरक कळला की नाही देव जाणे. मुंगीचं आणणं, पोचवणं, जेवण, थेंब, फोन, सगळं त्याने करायचं. पत्ता खाली देतेय. आणि मुंगीला सांग, माझं ठरवायची काही घाई नाही.

धाकटी

शुक्रवार, ९ मे

धाकटे,

नाही, ठाऊक नव्हतं. अकरा वर्षांत नाही सांगितलं त्याने. मी विचारायची पण अशी, की पोलीस बरा. सात वर्षांचा तो पोरगा फाटकाशी उभा आहे हे डोळ्यांसमोरून जात नाही. फार वाईट वाटलं. तरी त्याने फोन उचलायला हवा होता.

आधी बातमी: कानाचा पडदा आपोआप भरून आला. बुधवारी तपासलं. डॉक्टर म्हणाले, एकदम छान ऐकू येतंय. मी म्हटलं, घरात बोलताना आता जपून.

आता आजचं सांगते. सहा वाजून दहा मिनिटांनी लिफ्टवाला आला. दीड महिन्याने. मुंगी बॅग घेऊन दाराशी तयार होती. रडली नाही. मी तोंड कोरं ठेवून उभी. त्याने नेहमीसारखं हसून म्हटलं, “काय म्हणते माझी शहाणी?”

आणि ती फुटली. बॅग खाली आपटली आणि अशी ओरडली की वरच्या मजल्यावरचं दार उघडलं.

“मी शहाणी नाहीये! माझा कान फुटला होता! आईने एवढे फोन केले, तू का नाही उचललेस? लिफ्टमधल्या लोकांचे उचलतोस!”

त्याचा चेहरा पांढरा पडला. म्हणाला, “गाडी जरा चुकीची लावलीय, मी बघून येतो,” आणि जिना उतरायला लागला. मला काय काय बोलावंसं वाटलं! दीड वर्षाचं साठलेलं सगळं जिभेच्या टोकावर येऊन उभं होतं. मी दाराची चौकट धरून ठेवली. मुंगी कठड्यावरून वाकून ओरडली, “जा! तू नेहमी जातोस!”

पावलं थांबली. मधल्या मजल्यावर कुठेतरी. वरच्या बाई खाली वाकून बघत होत्या, त्यांना मी हातानेच आत जा म्हटलं.

मग तो वर आला. पायरीवर बसला, तिच्या बुटांच्या समोर. म्हणाला, “ओरड. मी बसतो.”

ती ओरडली. मग रडली. शुक्रवारचं ते नव्हे, वेगळंच. नाक गळत, उचक्या देत, अजिबात न शोभणारं. त्याला जवळ घेता आलं नाही. हात उचलला, परत खाली ठेवला, परत उचलला आणि तिच्या पाठीवर ठेवला, गरम इस्त्रीवर ठेवावा तसा. पण ठेवला. ती म्हणाली, “मला भूक लागलीय. मला अंडं हवंय आणि बटाटे, आणि बटाटे कुरकुरीत.” तो म्हणाला, “मला कुरकुरीत येत नाहीत.” ती म्हणाली, “मग शीक.”

गेले दोघं. मी दार लावलं. चहा केला, प्यायचा राहिला. कपाट आवरलं. सात वाजले, साडेसात झाले. पोचली असेल, जेवली असेल, अजून रडतेय का, की पुन्हा शहाणी झाली? फोन हातात घेतला, ठेवला, घेतला. माझ्यासारखीने फोन न करणं म्हणजे काय, ते तुला नाही कळायचं. शेवटी म्हटलं, तुला पत्र लिहू. लिहायला बसले.

हे इथपर्यंत लिहिलं आणि फोन वाजला. तो होता. त्याने मला फोन केला! मी मोजून तीन वेळा वाजू दिला.

म्हणाला, “बटाटे करपले. ती चिडून खोलीत बसलीय. दार अर्धं उघडं ठेवलंय तिने. मी काय करू?”

माझ्याकडे सांगण्यासारखं केवढं होतं! अकरा वर्षं आणि वर दीड. मी म्हटलं, “काही करू नकोस. दाराबाहेर बस.”

“किती वेळ?”

“ती बोलवेपर्यंत.”

खुर्ची ओढल्याचा आवाज आला. आणि तुला खोटं वाटेल, पण फोन आधी मी ठेवला.

थोरली